ओलुमा बोलणारे दाजी

आमचे दाजी कुणाच्या घरी गेले की चहाला एकाच शब्दात नको म्हणायचे, आणि तो शब्द संपेपर्यंत चहावर साय धरायची.

"काबूणूडालूमोरो."

समोरच्या बाईला वाटायचं, पाहुण्यांना उचकी लागली. ती आत जाऊन पाण्याचा तांब्या आणायची. दाजी तांब्या बाजूला ठेवायचे आणि तिला समजावून सांगायला लागायचे. काबू म्हणजे चहा. णू म्हणजे मला. डा म्हणजे नको. लू म्हणजे आत्ता. "आन् मोरो लावला म्हंजी हे समदं मी लाजून म्हणतोय. खरं तर पायजे हाय. तुमी आनकी एकदा म्हणला तर घीन."

एवढं ऐकल्यावर आग्रह करायची कुणाची छाती होणार? चहा परत आत जायचा. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजींची बायको, पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसायची. मी शेजारी असले तर मीही खाली बघायची. सातारा-सांगली पट्ट्यातल्या पुष्कळ घरांच्या फरश्या मला अशा पाठ झाल्या आहेत.

दाजींचं घर इस्लामपूरच्या बाजूला, एका खेड्यात. थोडा ऊस, दोन म्हशी आणि नोकरी स्टँडवर गाड्या पुकारायची. आवाज असा खणखणीत, की शिराळ्याची गाडी त्यांनी पुकारली तर ज्याला शिराळ्यात काही काम नाही त्यालाही जाऊन यावंसं वाटायचं. कपाळ मोठं, कान मोठे, चालताना मान किंचित तिरकी, जणू कुणीतरी मागून हाक मारतंय. व्यसन म्हणाल तर सुपारीचंही नाही. फक्त एवढंच, की या माणसानं अख्खी एक भाषा तयार केली होती. तिचं नाव ओलुमा. ओलु म्हणजे तोंड, मा म्हणजे आतलं. तोंडाच्या आत आहे ती ओलुमा. बोलणारा माणूस जगात एकटा.

कधीपासून, हे अक्कालाही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं न्हाणीघरातून दोघं बोलल्यासारखा आवाज ऐकला. आत नवरा आहे हे माहीत होतं, दुसरं कोण हे कळेना. ती बाहेर चुलीपाशी थांबून राहिली. दाजी एकटेच बाहेर आले, डोकं पुसत. अक्कानं आत डोकावून बघितलं. बादली आणि तांब्या. त्या दिवसापासून शेजारच्या बायकांनी विचारलं की ती सांगायची, "जप करत्यात." कुठल्या देवाचा, हे विचारायच्या आत विषय बदलायची.

मला ओलुमाचा पहिला धडा मिळाला तो दिवाळीला गेले असताना, उसाच्या बांधावर. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं, मन थाऱ्यावर नव्हतं, आणि दाजींनी एक ऊस वाकवून माझ्यापुढं धरला.

"शैला, ह्यो ऊस बघ. पेराला पेर लागलंय. हितं मोडलं तर हे पेर येगळं, त्ये पेर येगळं. पर उभा असतोय तवा ऊस एकच. ओलुमा तशी हाय. आन् आपली मराठी म्हंजी गूळ."

"गूळ चांगला की, दाजी."

"चांगलाच. पर 'गेला' म्हणतीस, त्यात जाणं कुठाय दाखीव. एकटा गेला, बाप्या गेला, मागंच गेला, समदं त्या एका 'ला'त आटवलंय. पेर गावंल का त्यात?"

मला पेर कळलं, गूळ कळला. माणूस कळला नाही.

नियम कडक होते. शब्दाच्या शेवटी स्वर हवाच. "दार उघडं ठिवायचं. म्होरं कोण येतंय काय म्हाईत." पहिला स्वर जाड असेल तर मागून येणारे सगळे जाड, बारीक असेल तर सगळे बारीक. "एका जुवाला बैल न् रेडा चालत्यात का?" ळ आणि ण यांना मोठा मान. क्क, ट्ट ही अक्षरं दाबून, थांबून म्हणायची, भाकरी थापताना हात थांबतो तशी. कुणी घाईनं म्हटलं तर दाजी डोळे मिटून घ्यायचे, जसा गवई बेसूर ऐकून मिटतो.

मी एकदा म्हटलं, "एवढं केलंय तर वहीत लिहून काढा. कुणाला दाखवता तरी येईल."

"लिवलं की लोकं वाचत्यात. बोलत कोण न्हाई. मला वाचणारा नगं, बोलणारा पायजे."

बोलणारा मिळणं अवघड होतं. अक्कानं आधीच सांगून टाकलं होतं, मला मराठीत तरी धड उत्तर द्या, मग दुसरं बघू. म्हशीला ओलुमातून पाणी प्यायला बोलवलं तर ती यायची, पण ती कुठल्याही भाषेत आली असती. खरा बोलणारा काही वर्षं घरातच मिळाला होता. त्यांची मुलगी स्वाती. लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून शेतात जायची आणि दोघं ओलुमातून बडबडायचे. शब्दांना मागून जोडायच्या शेपट्याही तिनं स्वतः काढल्या होत्या. चिखलात पाय रुतल्यावर जे काही वाटतं त्यासाठी तिनं एक शेपटी काढली आणि दाजींनी ती व्याकरणात घेतली. मग स्वाती शाळेत गेली. बाईंनी अक्काला बोलावून विचारलं, पोरगी शब्दांना हे काय चिकटवते? अक्का मान खाली घालून घरी आली आणि त्या दिवसापासून घरात मायलेकींनी मराठीच बोलायचं ठरलं. वर्षभरात पोर सगळं विसरली. चिखलाची शेपटी मात्र दाजी पुढंही वापरत राहिले.

मी साताऱ्यात दातांच्या एका डॉक्टरांकडे बाहेर बसते, नावं घ्यायला. दाजींचे पुढचे दात हलायला लागले तेव्हा अक्कानं त्यांना माझ्याकडं पाठवलं. डॉक्टरांनी कवळीसाठी तोंडाचं माप घेतलं, प्लॅस्टरचा साचा काढला. दाजींनी तो साचा हातात घेतला आणि आरशात बघावं तसं बघत राहिले. स्वतःचा टाळू त्यांनी पहिल्यांदाच बाहेरून बघितला होता.

"शैला, हितं. बरोबर हितं ळ लागतो बघ."

बाहेर गाल धरून बसलेल्या पेशंटना त्यांनी करंगळीनं जागा दाखवली. ण जरा पुढं. ट त्याच्या अलीकडं. समोरच्या आजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ळ म्हणून बघितला आणि सकाळीच दातावर बसवलेली टोपी पटकन खाली पडली. डॉक्टर दारात येऊन माझ्याकडं बघून गेले. काही म्हणाले नाहीत. ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दात काढल्यावर दाजींना त म्हणता येईना, हवा जायची. दुसऱ्या कुणी कवळी येईपर्यंत गप्प बसून काढलं असतं. दाजींनी भाषाच बदलली. जिथं जिथं त होता तिथं तिथं क. पुढं कवळी आली, त परत आला, मी म्हटलं, आता पहिल्यासारखं बोला. ते म्हणाले, "भाषा माघारी वळत न्हाई." त्यांच्या तोंडातून तीन दात गेले आणि एका भाषेतून एक अक्षर कायमचं गेलं, याची नोंद जगात फक्त मलाच आहे.

स्टँडवरही एकदा व्हायचं ते झालंच. भर दुपारी, गर्दीच्या वेळी, शिराळ्याच्या गाडीला त्यांच्या तोंडून ओलुमाच्या शेपट्या लागल्या. गाडी निघालेली, आत्ता, जागा नसलेली, पण थांबणारी, असं सगळं एका शब्दात. लोकांना वाटलं नवीन गाव आहे. दोघं-तिघं चौकशी करून त्या गाडीत बसलेसुद्धा. साहेबांनी दाजींना आत बोलावलं. साहेब रागावले नाहीत, हसले, आणि हसत हसत सगळ्या ऑफिसला बोलावून म्हणाले, आता हे पुन्हा म्हणून दाखवा. दाजींनी मान खाली घातली. घरी येऊन त्यांनी फक्त अक्काला सांगितलं, आणि अक्कानं मला. ती फोनवर कुजबुजत बोलत होती, जणू घरात चोरी झाली होती आणि चोर घरचाच होता.

दाजी रिटायर झाले. स्वाती शिकून सांगलीत रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला लागली. मग कडेगावकडचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी अक्कानं मला साताऱ्याहून बोलावून घेतलं. पोह्यांसाठी नव्हे.

"तू दाजींच्या शेजारी बस आन् त्यांचा सदरा धरून ठेव. तोंड उघडायला लागले की वढायचा."

मी तशी बसले. पाहुणे आले, पोहे झाले, पाऊसपाणी झालं. मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, "रिटायर झाल्यावर येळ कसा जातोय पावणं?" मी सदरा ओढला. दाजी म्हणाले, "जातोय की." अक्कानं दारातून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, जमलं.

पण चुलते गावाकडचे, मोकळे. ते म्हणाले, "आमी ऐकलंय, तुमी कसली तरी भाषा काढलीया. बोला की जरा. आमास्नीबी कळू द्या."

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. अक्काकडं बघितलं नाही. त्यांनी स्वातीकडं बघितलं, हातात ट्रे घेऊन उभी होती ती. आणि बोलायला लागले. एकच शब्द होता, पण पेराला पेर लागत गेला. ळ आले, ण आले, दाबलेले क्क आले. मला तेव्हा अर्थ कळला नव्हता. नंतर विचारला तेव्हा त्यांनी सांगितला. ही आमच्या घरात वाढलेली, हिला मोठ्यानं बोलायची सवय नाही, हिचं हळू बोललेलं ऐकणारं घर मिळो. एवढं सगळं एका शब्दात. तो शब्द त्यांनी बहुतेक बरेच दिवस मनात जोडत आणला होता.

मग मुलाच्या मेव्हण्यानं मोबाइल वर धरला. "काका, आनकी एकदा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दाजींना आणखी एकदा म्हणा म्हणालं होतं. त्यांचं तोंड उजळलं. ते जरा पुढं सरकून बसले आणि सगळा शब्द पहिल्यापासून, सावकाश, एकेक पेर सुटं करत पुन्हा म्हणाले. सदरा माझ्या हातातून कधी सुटला मला कळलं नाही. मोबाइलमागं दोघं-तिघं तोंडावर हात ठेवून हलत होते. ते दाजींना दिसत नव्हतं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

कळवतो म्हणाले. कळवलं नाही. त्याऐवजी तो व्हिडिओ आला. पहिल्यांदा त्यांच्या गावच्या ग्रुपवर, मग आमच्या. खाली कुणीतरी लिहिलं होतं, काका हँग झाले. मागं कार्टूनचं म्युझिक लावलं होतं. साताऱ्यात आमच्या दवाखान्यातल्या मुलीनं तो मला दाखवला. हे माझे दाजी आहेत हे तिला माहीत नव्हतं. मी "हं" म्हटलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

सांगलीतल्या लॅबमध्येही तो पोचला. त्या शनिवारी स्वाती घरी आली. ती ओरडली नाही, रडली नाही. जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता म्हणाली, "बाबा, ह्याच्यापुढं कुणासमोर असलं बोलायचं नाही. मला लाज वाटते."

दाजी म्हणाले, "बरं."

आणि खरोखर बंद झाले. पण नुसती ओलुमा बंद झाली असती तर एक वेळ चाललं असतं. दाजींचं सगळंच बोलणं आटत गेलं. जेवायला चला, म्हशीला बघा, लाइट बिल आलंय, सगळ्याला "बरं". जनावर विकल्यावर गोठा गप्प होतो तसं घर झालं. एक दिवस अक्काचा फोन आला.

"शैला, आता न्हाणीतबी बोलत न्हाईत."

"मग तुला हेच पाहिजे होतं ना?"

ती म्हणाली, "पाणी तेवढं वाजतंय."

गेल्या पावसाळ्यानंतर अक्का अंगणात शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीत एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी रजा काढून सोबतीला गेले. स्वाती लॅब सुटल्यावर डबा घेऊन यायची. दाजी दिवसभर खिडकीपाशी उभे. बसा म्हटलं तर "बरं" म्हणायचे आणि उभेच राहायचे.

शेजारच्या खाटेवर निंगव्वा नावाची म्हातारी होती. जतच्या पलीकडची, हद्दीजवळची. पाय प्लॅस्टरमध्ये, तोंड मोकळं. दिवसभर फोनवर मुलाशी, सुनेशी, नातवंडांशी बोलायची, आणि फोन नसला की कुणाशीही. पहिल्या दिवशी दुपारी मी अक्काचे केस विंचरत होते आणि माझा हात थांबला. म्हातारी बोलत होती आणि मला वाटलं, ती ओलुमा बोलतेय. तोच हेल. शब्दांची दारं तशीच उघडी. तेच ळ, तेच दाबलेले ट्ट. पेराला पेर लागत चाललेलं. मी खिडकीकडं बघितलं. दाजींची पाठ होती. कान लाल झाले होते.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "दाजी, ही तुमचीच भाषा बोलते की."

"माझी न्हाई. कन्नड हाय ती."

"मग तुम्हाला कळते?"

"न्हाई," म्हणाले, आणि बाहेर निघून गेले.

दवाखान्याच्या मागं चहाच्या टपरीशी एक बाकडं होतं. तिथं ते मला सापडले. मी दोन चहा सांगितले. दाजींनी मुकाट्यानं घेतला. मला उगाचच वाईट वाटलं. म्हणून मी म्हटलं, "स्वाती त्या दिवशी रागात बोलली. मनावर घेऊ नका."

"तिचं बरोबर हाय," दाजी म्हणाले. "मीबी तेच केलं हुतं."

मग ते बोलले. कित्येक महिन्यांनी इतकं बोलले असतील. त्यांची आई जतच्या पलीकडची, कन्नड घरातली. लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. शिकली मोडकीतोडकी. दाजी लहान असताना ती त्यांच्याशी कन्नडच बोलायची, आणि ते त्यातच उत्तर द्यायचे. मग शाळा. एक दिवस भाकरी विसरली म्हणून ती वर्गाच्या दारात आली आणि तिच्या भाषेत हाक मारून काहीतरी म्हणाली. सगळा वर्ग हसला. पोरं त्यांना यंडुगुंडू म्हणून चिडवायला लागली.

"घरी येऊन मी तिला म्हणलं, माझ्यासंगं तसलं बोलू नगंस. मला लाज वाटती."

"मग?"

"न्हाई बोलली. परत कवाच न्हाई. मराठीत दोन शबूद येत हुते, त्यातच बोलायची. जेव. झोप. ये. तिच्यासंगं तिचं बोलणारं घरात दुसरं कोण न्हवतं गं. मी एकटाच हुतो, आन् मीच बंद केलं. मलाबी समदं इसरायला झालं."

टपरीवाल्यानं ग्लास गोळा केले. मी विचारलं, "मग मोठेपणी शिकलात का नाही? स्टँडवर तर तिकडची माणसं रोज येत असतील."

"तिकडचा माणूस चौकशीच्या खिडकीला आला की मी उठून चहाला जायचो. तिचं बंद केलं, आता कुठल्या तोंडानं शिकू? पर आवाज कानात ऱ्हायला. शबूद गेले, नुसता आवाज. रिकामी भांडी हुती, शैला. त्यात माझं धान्य भरलं, एवढंच केलं मी."

दाजी पुढं सांगत राहिले. त्यांची नोकरी लागायच्या सुमारास आई तापानं आजारी पडली. शेवटी शेवटी तिची मराठी गळून गेली, कन्नडच बोलायला लागली, आणि समोर बसलेल्या मुलाला त्यातलं काही कळेना. जायच्या दिवशी तिनं त्यांचा हात धरला आणि एक वाक्य दोन-तीनदा म्हणाली. मनीगे होगूण नडी.

"म्हणजे काय?"

"बाकी न्हाई कळलं. 'नडी' कळलं. नडलास म्हणाली." त्यांनी बाकड्याची कड बोटानं पुसली. "खरंच हाय की. नडलोच हुतो तिला."

"कुणाला विचारलं नाही कधी?"

"काय इचारायचं त्यात."

आम्ही वर आलो. मेव्हणीच्या जातीला गप्प बसणं जमत नाही. मी सरळ निंगव्वाच्या खाटेपाशी गेले. "आजी, मणीगे होगुन नाडी म्हणजे काय हो?"

म्हातारीनं कानाला हात लावला. मी पुन्हा म्हटलं. "मानिगे. होगुण्ण. नाडी." तिनं स्वतःची नाडी पुढं केली, तिला वाटलं मी तपासायला आले आहे. मी तिसऱ्यांदा आणखी निराळं काहीतरी म्हटलं.

आणि मागून आवाज आला. चुकीचं बोललेलं दाजींना सहन होत नव्हतं. "मनीगे होगूण नडी," ते म्हणाले. एकेक स्वर जागच्या जागी.

"हां," निंगव्वा म्हणाली. "घरला जाऊ, चल. असं हाय तेचा अर्थ."

दाजी एक पाऊल पुढं आले. "नडी म्हंजी?"

"नडी म्हंजी चल. ऊठ, चल." म्हातारीनं हातानं चालल्यासारखं करून दाखवलं.

"नडलास न्हवं?"

"ते तुमच्याकडचा शबूद. आमच्याकडं नडी म्हंजी चल."

दाजी खाटेच्या लोखंडी कडेला हात टेकून उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "पर आमी घरातच हुतो तवा."

"बाईला जाताना पैलाच घर आठवतंय," निंगव्वा म्हणाली. "आईबापाचा."

मला वाटलं आता ते बाहेर जातील. पण त्यांची मान तिरकी झाली, डोळे बारीक झाले. शब्दाची गाठ सोडवताना ते व्हायचे तसे.

"होगूण," ते म्हणाले. "त्यात किती माणसं?"

"म्हंजी?"

"ती एकटी जाती म्हणाली, का..." पुढचं त्यांना म्हणता येईना. "मला धरून का मला सोडून?"

निंगव्वाला हा प्रश्न कुणी कधी विचारला नसणार. तिनं तोंडातल्या तोंडात दोन-तीन शब्द म्हणून बघितले, तांदूळ निवडावेत तसे. मग म्हणाली, "धरून. एकटी जाणार तर 'होगतीनी' म्हणती. होगूण म्हटला की तूबी आन् मीबी. दोगं."

स्वाती कधी आली होती मला माहीत नाही. डबा हातात घेऊन दारातच उभी होती. दाजींचं तिच्याकडं लक्ष नव्हतं.

"कोण म्हणला तुला हे?" निंगव्वानं विचारलं. "तू तर आमच्याकडल्यावानी बोलतोस. कुठला तू?"

वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. नातेवाईक होते, सिस्टर होती, डबे उघडत होते. दाजी म्हणाले, "माझी आय तिकडची हुती." मग, कुणाला ऐकू गेलं नसेल असं वाटलं की काय, आणखी एकदा मोठ्यानं म्हणाले, "आय माझी कन्नड."

झालं. म्हातारीला माहेरचं माणूस सापडलं. तिनं मराठी सोडली आणि भडाभडा तिच्या भाषेत सुरू झाली. कुठलं गाव, कुणाची मुलगी, तिकडं पाऊस किती झाला, असंच काहीतरी असणार. दाजींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी तिला तसं सांगितलं नाही. ते तिच्या तोंडाकडं बघत होते आणि ती थांबली की मान हलवत होते.

मी अक्काकडं बघितलं. तिनं तोंड भिंतीकडं केलेलं होतं, मला वाटलं झोपली. पण तिचा हात चादरीवरून पुढं आला आणि तिनं माझी साडी ओढली.

"त्यांना स्टूल दे," ती म्हणाली. "कवाधरनं उभे हायत."